झाकलेलं नाव

"हात लावाल तर खबरदार!" निवडणूक कचेरीचा कारकून मोटारघराच्या दारापुढे आडवा झाला.

आमदार वारला, तेव्हा आम्ही चार दिवस हळहळलो. पोटनिवडणूक लागली आणि कळलं, मेलेला जिवंतापेक्षा जास्त छळतो. विहिरीवरचं मोटारघर त्यानं बांधून दिलेलं, म्हणून दारावर हातहातभर अक्षरांत त्याचं नाव. निवडणुकीत ते दिसता कामा नये, असा नियम. कारकुनानं चौकटीपासून चौकटीपर्यंत कापड ठोकलं, चारी कोपऱ्यांवर लाखेचे शिक्के मारले. नाव झाकलं, पण मोटारीचं बटण दाराच्या आत! बाहेर कडूकाकीची वांग्याची रोपं तहानलेली. जीभ कडू म्हणून कडूकाकी. वर्षाचं पोट त्या रोपांवर.

"साहेब, नावावर रंग फासा की. दार कशाला बंद?"

"पुसायचा हुकूम नाही. झाकायचा आहे."

"किती दिवस?"

"निकालापर्यंत. महिनाभर."

"महिन्यानं सरपण उरेल माझं! पाणी काय मत देतंय?"

"काकी, शिक्का फुटला तर तुरुंग."

तीन दिवस काकीनं कचेरीचे उंबरे झिजवले. हा म्हणे त्याला विचार, तो म्हणे वर विचार. वर फक्त ऊन होतं. ढेकळं पाय भाजत होती.

चौथ्या सकाळी ती सुतार दिराच्या दारात. "भावजी, पहार घ्या."

"वहिनी, शिक्का फुटला तर?"

"शिक्क्याला कोण शिवतंय? चौकटच उपटा."

मातीची भिंत, तासात मोकळी झाली. चौकटीसकट दार आम्ही चौघांनी मढ्यासारखं खांद्यावर घेतलं आणि कचेरीत नेऊन टेकवलं.

"हे काय?" कारकून किंचाळला.

"तुमचं नाव. झाकलेलं आहे, शिक्के शाबूत. सांभाळा महिनाभर."

त्याला कायदा सापडेना. आम्ही परत येऊन मोटार चालू केली. पण निम्म्या रोपांनी तोवर माना टाकल्या होत्या. त्या पुन्हा उठल्या नाहीत.

संध्याकाळी आमदाराचा मुलगा आला, हात जोडून. बापाच्या जागी तोच उभा होता.

"काकी, वडलांनी तुम्हाला पाणी दिलं. आठवण ठेवा."

काकी वाफ्यात वाकलेली. वर बघितलंही नाही.

"पाय उचल आधी. रोपावर उभा आहेस."