पायगुणानं तापलेली गाडी

भर मे महिन्यात मुकुंदवाडीत शीतलनाथ महाराजाच्या अंगणात शे-दीडशे माणसं एका गाडीभोवती हात जोडून उभी होती. गाडी माझ्या शेजारच्या शिवराजची, लग्नातच घेतलेली. एसी लावला की इंजिन उकळायचं. महाराजानं निदान केलं होतं: नव्या सुनेचा पायगुण. आज खात्री करायची आणि पटली की तनुजाला इथूनच देवगाव रंगारीला, माहेरी धाडायचं, असं सासू द्वारकाबाईनं ठरवलेलं.

"बस पोरी," महाराज म्हणाला. "शिवराज, गारवा चालू कर. काटा म्हणजे साक्षात देवाचं बोट. खोटं बोलत नाय."

तनुजा बसली. गाडी जागेवरच घुरघुरत राहिली. थोड्या वेळानं तापमानाचा काटा वर सरकला आणि लोकांनी "बघा, बघा" सुरू केलं. महाराजानं तिला उतरवलं, बॉनेटवर राख फुंकली. मग त्याचा चेला कडूबा गाडी घेऊन जालना रोडला गेला, जोरात पिटाळून आला. काटा खाली. लोक महाराजाच्या पाया पडू लागले.

मी खिडकीतून आत हात घातला. आत भट्टी.

"कडूबा, एसी बंद केलास व्हय?"

"मंत्राला गारवा चालत नाय."

"मघा तनुजा बसली तवा कसा चालला?"

महाराज गुरकावला, "नास्तिकाची सावली पडली की देव कोपतो."

"पडू द्या. तेवढंच ऊन कमी."

काही जण हसले. शिवराज मात्र मान खाली घालून. वाळूजच्या कंपनीत दिवसभर मशिनीशी झुंजणारा हा गडी बायकोवर आळ आला तेव्हा मुका झाला. मला महाराजापेक्षा त्याचाच संताप आला.

शेवटी तनुजाच बोलली. "आत्याबाई, आता तुम्ही बसा. गाडी इथंच उभी, एसी चालू."

"मी कशाला?" सासू फणकारली.

"देवाचं बोट म्हणतात ना? बघू कुणाकडं दाखवतं."

एवढ्या लोकांत माघार कशी घ्यायची? द्वारकाबाई पदर सावरत बसल्या. काटा त्यांच्यासाठीही चढला. मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, तुमचा बी पायगुण तसलाच निघाला की."

तनुजा नवऱ्याकडं वळली. "लासूर स्टेशनला गेलो तेव्हा एसी लावून मीच पुढं बसले होते. रस्ताभर काटा हलला नाय. सिग्नलला थांबलो की चढायचा. माझा पायगुण सिग्नल बघून बदलतो का? बॉनेट उघडा."

शिवराजनं बॉनेट उघडलं. एसी चालू होता. रेडिएटरचा पंखा ढिम्म.

त्यानं इंजिन बंद केलं, वाकून पाहिलं. पंख्याच्या वायरीचा प्लग निसटून लोंबत होता. त्यानं तो घट्ट बसवला, गाडी चालू करून एसी लावला. पंखा भर्रकन फिरला आणि काटा मध्यावर येऊन थांबला.

एसीनं इंजिनावर जादा भार पडतो, जादा उष्णता येते. गाडी धावत असली की समोरचा वारा ती ओढून नेतो. उभी असली की ते काम पंख्याचं. पंखा बंद, इंजिन गरम. झाला तो चमत्कार एवढाच. प्लग मुद्दाम कुणी काढला का, मला ठाऊक नाही. मला संशय आहे, पुरावा नाही. पण एसी बंद करून गाडी पळवणाऱ्यांना काटा का उतरतो हे पक्कं ठाऊक होतं.

"माझ्या राखेनं पंखा जागा झाला," महाराज म्हणाला.

"मग प्लग परत काढते," तनुजा म्हणाली. "राख बॉनेटवर आहेच. फिरवा पंखा."

महाराजाला एकाएकी आरतीची वेळ झाली.

द्वारकाबाई पुटपुटल्या, "चल, घरी जाऊ."

"येते. आधी इथं सगळ्यांसमोर सांगा, दोष कशात होता."

बाईंनी गर्दीकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "प्लगात," त्या म्हणाल्या.

त्या गर्दीत तुम्हीही असाल, म्हणून सांगतो. यंत्र बिघडलं की त्याचं झाकण उघडा. कधी बिघडतं, कधी नाही, ते तपासा. एक गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा आणि बघा. एवढं करायला मंत्र लागत नाही. आणि एवढं न करता घरातल्या पोरीवर बोट रोखणारा माणूस भोळा नसतो, तो अन्याय करत असतो.