चेडोबाचे दर्शन

पूर्णा गावातील दाजी पाटलांचे अखेरचे शेत एका गोदामवाल्या कंपनीने मागितले, तेव्हा दाजींनी एकच अट घातली. बांधावरील चेडोबाचा दगड, ज्यास त्यांचे वाडवडील पेरणीपूर्वी नारळ वाहत आले, तो जागचा हलता कामा नये.

सन दोन हजार आठ साली कंपनीच्या कचेरीत साहेबाने त्यांच्या डोळ्यांवर संगणकास जोडलेला एक अवजड चष्मा चढविला. "काका, याला आभासी जग म्हणतात. मान फिरवा, तुमच्या जागेवरचं गोदाम दिसेल."

मान फिरविताच चहूबाजूंस चकचकीत गोदाम उभे राहिले.

"आनि माजा देव कुठं हाय?"

साहेबाने कळफलक बडविला. थोड्याच वेळात कोपऱ्यात शेंदूर फासलेला दगड अवतीर्ण झाला. दाजींनी तत्काळ चपला काढल्या आणि वाकून नमस्कार केला. कपाळ टेबलावर आदळले.

"अवो, टेबलाच्या काय पाया परता?" शेजारी बसलेली त्यांची पत्नी राहीबाई ओरडली.

"तुला न्हाय दिसायचा. देव जाग्यावर हाय," असे म्हणून दाजींनी खरेदीखतावर सही केली.

पुढील पेरणीच्या दिवसांत ते नारळ घेऊन गोदामात गेले. कोपऱ्यात खोकी रचलेली होती. दगड कोठेच नव्हता.

"देव आहे की काका, जपून ठेवलाय," साहेब हसत म्हणाला आणि गोदामातील संगणकास जोडलेला तोच चष्मा त्याने पुढे केला.

दाजींनी चष्मा डोळ्यांना लावला. शेंदरी दगड जागच्या जागी होता. या खेपेस मात्र त्यांनी चपला काढल्या नाहीत.