मोठ्या अक्षरांचा फोन

तडा गेलेल्या काचेचा मी एक जुना मोबाइल फोन आहे, मित्रांनो. मुक्काम एका शिंप्याच्या शर्टाचा वरचा खिसा. शेजारी खडूचा तुकडा आणि दोन टाचण्या. माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला, पण घर म्हणाल तर हा खिसाच.

सुरुवातीला माझा काय थाट होता! मालक मला अस्तराच्या मऊ कापडाने पुसायचे. त्यांना सिनेमाचं भारी वेड. दुकानाशेजारच्या वाचनालयात जुन्या सिनेमांचा संग्रह आहे, तो कुणालाही फोनवर फुकट उतरवून घेता येतो. जेवणाच्या सुट्टीत मालक मला तिथे नेत आणि मी एक अख्खा सिनेमा पोटात भरून परत येई. मग काजं-बटणं करता करता ते तो पाहत.

पुढे मात्र ते मला नाकाशी धरू लागले. एके दिवशी त्यांनी माझी अक्षरं मोठी केली. महिन्याभराने आणखी मोठी. शेवटी माझ्या एका ओळीत दोन शब्द मावेनात. मग त्यांनी एक वायर आणली आणि मला घरच्या टीव्हीला जोडलं. "मोठ्या पडद्याची मजाच वेगळी," असं बायकोला सांगितलं. ती बाजारात गेली की दार लोटून, टीव्हीपासून हातभर अंतरावर स्टूल टाकून ते सिनेमा पाहत.

खरं कारण मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी त्यांना मोतीबिंदू सांगितला होता. पण शिंप्यालाच दिसत नाही हे कळलं, तर कापड शिवायला कोण टाकणार? आणि ऑपरेशन बिघडलं तर? या भीतीने त्यांनी घरीसुद्धा ताकास तूर लागू दिली नाही. एकदा तर निळ्या शर्टाला काळा दोरा लावला आणि वर गिऱ्हाइकालाच ठणकावलं, "सध्या अशीच फॅशन आहे!" मला हसू आलं. पण मी छातीवरच्या खिशात होतो, त्यामुळे त्यांची धडधडही ऐकू येत होती.

दवाखान्याचे निरोप येत. मालक वाचून पुसून टाकत. मी कुणापुढे ब्र काढला नाही. गुपित राखावं तर माझ्यासारख्याने, असा मला गर्वच होता.

मग एका रविवारी माहेरी आलेली लेक म्हणाली, "बाबा, एकटे एकटे काय बघता? आज आई नि मीही बसतो."

मालकांची पंचाईत झाली. स्टूल पुढे ओढता येईना. ते मागच्या खुर्चीत बसले आणि दोघी हसल्या की हसू लागले. सिनेमा ऐन रंगात आला होता आणि तेवढ्यात निरोप आला. जे माझ्यावर, तेच टीव्हीवर! शिवाय अक्षरं मालकांनीच मोठी केलेली. सगळा पडदा भरून गेला: "तुमची तपासणीची तारीख तिसऱ्यांदा चुकली. मोतीबिंदू पिकला आहे. ऑपरेशन लांबवू नका."

दोघींचं हसू एकदम थांबलं.

"का गं, हसायचं थांबलात दोघी?" मालकांनी विचारलं.

"अहो, समोर काय लिहिलंय ते वाचा," बायको म्हणाली.

मालकांनी डोळे बारीक केले. "कलाकारांची नावं असतील."

बायकोने कपाळाला हात लावला. "म्हणून सुया माझ्याकडून ओवून घेत होतात होय! आणि मी मेली तुम्हालाच आळशी म्हणत राहिले."

"उद्या आपण जातोय, बाबा," लेक म्हणाली.  मालकांनी होकाराची मान हलवली.

माझा गर्व उतरला होता. इतके दिवस मी जे राखलं, ते फुटलं म्हणूनच मालकांची नजर वाचली, आणि त्याबद्दल मी त्या वायरीचा जन्मभर ऋणी आहे.

ऑपरेशन झालं, डोळ्यावरची पट्टी निघाली. मालकांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग मला हातात घेतलं. "अरे, याला तडा कधी गेला?"

दोन वर्षं झाली होती, मित्रांनो! त्यांनी मला पुन्हा अस्तराच्या कापडाने पुसलं आणि माझी अक्षरं लहान केली. सुखाने माझी बॅटरीसुद्धा त्या दिवशी जरा जास्त टिकली.

आम्हाला जपा, आपटू नका, हे तर मी सांगणारच. पण आज एक काम कराच. घरातल्या मोठ्या माणसाचा फोन मागून घ्या. त्यातले निरोप वाचू नका, ते त्यांचे. अक्षरं केवढी आहेत, तेवढं मात्र पाहा.