हिरव्या कोटाचं माप

दुपारचे चार वाजले की ती स्वेटरची बटणं लावून तीन मजले उतरायची, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाच्या भिंतीला टेकायची आणि आपल्याच घरी फोन लावायची. हुडहुडी भरेल अशी थंडी होती. कोट नव्हता असं नाही. नवऱ्याने स्वतःच्या हाताने शिवलेला, जाड हिरवा कोट दाराआड टांगलेला होता. पण तो घालायची तिला बंदी होती. "तो माझ्या बायकोचा आहे," नवरा म्हणायचा. तिलाच म्हणायचा.

नवरा म्हणजे टेलरमास्तर. चाळीस वर्षं लोकांचे कोट शिवले, एकाचाही खांदा उतरला नाही. चार महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला, डोकं आपटलं. ऑपरेशन करून आत साकळलेलं रक्त काढलं. मास्तर शुद्धीवर आले, धाकट्या भावाला ओळखलं, शेजाऱ्यांना ओळखलं, मग बायकोला निरखून म्हणाले, "दिसायला हुबेहूब आहे. पण ही ती नव्हे."

मेंदूच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण समजावून सांगायचा कंटाळा नव्हता. "चेहरा ओळखणं हे एक काम. तो बघून 'हे माझं माणूस' असं आतून वाटणं, हे दुसरं. त्यांचा पहिला रस्ता शाबूत आहे, दुसरा तुटलाय. चेहरा तुमचाच दिसतो, पण आत काही हलत नाही. मग मेंदू आपल्यापुरता निकाल लावून टाकतो, की ही तोतया आहे."

"मग मी करू काय?"

"आवाजाचा रस्ता वेगळा असतो. फोन करून बघा."

तिने तिथल्याच व्हरांड्यातून फोन केला. "अगं, आहेस कुठे तू?" म्हणत मास्तर रडायला लागले. ती फोन कानाला लावूनच खोलीत धावली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं आणि फोन बंद केला. डोळ्यांपुढे कानांचं काही चाललं नाही.

तेव्हापासून एक थाप ठरून गेली. बायको आजारी बहिणीकडे गेली आहे आणि घरात आहे ती देखभालीला आलेली बाई. दोन्ही पाळ्या तिच्याच. फोनवर मास्तर तिच्याच कागाळ्या तिला सांगायचे. "चहा अगदी तुझ्यासारखा करते. नक्कल चांगली आहे, एवढंच." तोंड दाबून बुक्क्यांचा मार. कधी हसूही यायचं; स्वतःच स्वतःची सवत होणं काही सगळ्यांच्या नशिबी नसतं. पण फोन ठेवून ती वर गेली, की मास्तर मशीनवरून मान वर न करता म्हणायचे, "दार लावा, बाई." जन्मभर 'अगं' म्हणणारा माणूस तिला 'तुम्ही' म्हणायचा. रिकाम्या घरातही तिला इतकं एकटं वाटलं नसतं.

त्याने एकदा, समोर बघून, आपल्याला ओळखावं. बाकी तिला काही नको होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "काहींना येतं परत, काहींना नाही." मग तिला सुचली मापाची वही. मास्तरांचं ठाम मत होतं, माणूस खोटं बोलेल, टेप बोलणार नाही. वहीत तिचंही पान होतं, गेल्याच वर्षीचं, त्यांच्याच अक्षरात.

"मास्तर, एवढा संशय आहे ना? मग माप घ्या माझं."

मास्तरांनी चष्मा लावला, टेप गळ्यात टाकला. खांदा, पंधरा. वहीत पंधरा. बाही, एकवीस. वहीत एकवीस. मास्तरांचा हात थांबला. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांनी टेप कमरेभोवती घेतला. वहीत बत्तीस होतं. टेप तीसवर मिळाला. त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा तीस.

"जवळ आला होतात," वही मिटत ते म्हणाले. "पण नाही."

चार महिने रात्रीचा दिवस करणाऱ्या, उभ्याने दोन घास गिळणाऱ्या बाईची कंबर बत्तीस कशी राहणार? तिच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. शिंप्याची बायको असून आली नव्हती ही अक्कल! ती मोरीत जाऊन नळ सोडून रडली.

चार वाजले. ती खाली गेली, फोन लावला.

"अगं, आज त्या बाईचं माप घेतलं," मास्तर म्हणाले. "खांदा तुझा, बाही तुझी. कंबर मात्र नाही. ती धड जेवत नाही वाटतं. आणि मघाशी नळ सोडून रडत होती. तिला वाटतं मला ऐकू येत नाही."

तिने फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"ऐकतेयस ना? रोज चारला नुसत्या स्वेटरवर बाहेर जाते. तुझा कोट तिला दिला तर चालेल का? दोन इंच आत घेतो. कापड कापत नाही, आतच ठेवतो. तू आलीस की उसवून पहिल्यासारखा करीन."

"द्या," ती म्हणाली. "द्या तिला."

वर गेली तर मास्तर कोट हातावर घेऊन उभे. त्यांनी तो तिच्या अंगावर चढवला, मागे गेले आणि कमरेपाशी कापड चिमटीत धरून टाचण्या लावायला लागले.

"रोज चारला जाता कुठे?"

"नवऱ्याला फोन करायला."

"बरं आहे ना त्यांचं? काय म्हणतात?"

"म्हणतात, थंडी आहे. कोट घालून जात जा."

मास्तरांनी आणखी एक टाचणी लावली.

"भला माणूस दिसतो," ते म्हणाले. "फार दिवस एकटं ठेवू नका त्यांना."

"नाही ठेवत," ती म्हणाली, आणि टाचणी टोचली तरी हलली नाही.