भोंग्याखालचा श्वास

"आभाळ हिरवं झालंय," व्हर्लिनमामा म्हणाला.

मी टपरीवर कढईतली भेंडी उलटत होते. मक्याच्या पिठात घोळवलेल्या भेंडीकडे जरा दुर्लक्ष झालं की ती काळी पडते, त्यामुळे मान वर करायची सोय नव्हती. "होऊ दे," मी म्हटलं. "सकाळी पिवळं होतं तेव्हाही तू सांगायला आला होतास."

"पिवळं वेगळं, डीना. हे हिरवं आहे. कळकलेल्या भांड्यासारखं."

तेव्हा मात्र मी वर पाहिलं. शाळेच्या मैदानापलीकडे, गव्हाच्या शेतांवर खरोखरच तसा रंग चढला होता. वारा साफ पडला होता. स्टेजवरचे झेंडे काठ्यांना चिकटले होते. पण रेडिओवाला दुपारपासून सांगत होता की वादळ उत्तरेकडून निघून जाईल. आमच्या बिटर क्रीक गावच्या लोकांचा देवाखालोखाल विश्वास कुणावर असेल तर त्या रेडिओवाल्यावर. शिवाय त्या संध्याकाळी कुणाला आभाळाकडे बघायचंच नव्हतं. आमची पोरं घरी आली होती.

'विंडब्रेक', म्हणजे वारा अडवणारी झाडांची रांग, हा आमच्या गावचा बँड. चौघं आमच्याच शाळेतले, आमच्याच चर्चमध्ये जांभया देत वाढलेले. शाळेच्या व्यायामशाळेतल्या नाचापासून सुरुवात झाली, मग दारूचे अड्डे, मग मेम्फिसचा स्टुडिओ. पहिल्या दोन रेकॉर्डी त्यांच्या आयांनी विकत घेतल्या. तिसरी सगळ्या देशाने घेतली. मग मोठी मैदानं, खासगी विमान, भांडणं, घटस्फोट. मग कुणीच न घेतलेल्या रेकॉर्डी, आणि शेवटी जत्रा आणि जुगारघरं. त्या तिसऱ्या रेकॉर्डीला वीस वर्षं झाली म्हणून गावाने त्यांना बोलावलं होतं. चौघांचीही पोटं सुटली होती. गाणारा रॉइस हॅनरटी केसांना इतका काळा रंग लावायचा की घाम आला की कॉलर भिजायची, तीही काळी.

आणि व्हर्लिन टॅकेट. माझ्या आईचा भाऊ. तो बँडमध्ये नव्हता आणि पहिल्या दिवसापासून बँडबरोबर होता. ट्रक भरायचा, तारा जोडायच्या, गिटारी लावून द्यायच्या, कार्यक्रम संपला की तारांची वेटोळी करून पेटीत ठेवायची. मोठ्या वायरीला पीळ पडू न देता गुंडाळणं ही सुद्धा कला आहे, असं त्याचं म्हणणं. त्याचं लग्न झालं नाही. पोस्टाने कुठल्या कुठल्या शहरांची चित्रं पाठवायचा, मागे फक्त लिहायचा, 'इथे तळघर चांगलं आहे.'

त्याला वादळाची भीती होती. आमच्याकडे सगळ्यांनाच असते, पण माणसं ती खिशात घालून कामाला जातात. मामाला ते कधी जमलं नाही. तो सात वर्षांचा असताना वादळ आलं. आजीने मुलांना तळघरात उतरवलं आणि कंदील आणायला ती पुन्हा वर गेली. ते बाहेर आले तेव्हा घर नव्हतं, आजी नव्हती. कंदील मात्र कुंपणाच्या खांबाला लटकत होता, काच शाबूत. माझी आई तेव्हा तान्ही होती, तिला काही आठवत नाही. मामाला सगळं आठवायचं. ढग दिसला की तो आधी खाली उतरण्याचा रस्ता शोधायचा. पोरं त्याला 'तळघऱ्या' म्हणायची.

आणि गंमत बघा, बँडचं नाव झालं ते त्याच्या भीतीमुळेच.

पोरं तेव्हा मामाच्या गोठ्यात सराव करायची. एके दिवशी सराव चालू असताना वादळाचा इशारा देणारा गावचा भोंगा वाजला. चौघं वादळ बघायला अंगणात धावली, कारण आमच्याकडच्या पुरुषांना मरण कसं दिसतं ते बघायची फार हौस. मामा तळघरात धावला. हातात टेपरेकॉर्डर होता, तो बंद करायचं भान त्याला राहिलं नाही. टेपवर आलं ते असं: लांबवर चढत जाणारा भोंगा, दार आपटल्याचा आवाज, आणि मग अंधारात एका माणसाचा श्वास. बाकी काही नाही. भोंगा आणि श्वास.

रॉइसने ते ऐकलं आणि म्हणाला, यावर गाणं करायचं. तिसऱ्या रेकॉर्डीवरचं ते गाणं, त्याला सगळे 'वादळाचं गाणं' म्हणतात. स्टुडिओवाल्याने तो श्वास काढून रॉइसचा घालायचं ठरवलं. रॉइस गाड्या लावायच्या जागेत फेऱ्या मारमारून धापा टाकत आला. ते ऐकून वाटायचं, एक माणूस जिना चढून आलाय. शेवटी मामाचाच श्वास राहिला.

तो सगळ्या अमेरिकेने ऐकला. वेष्टनावर मामाचं नाव नव्हतं. एकदा रेडिओवर कुणी तरी रॉइसला विचारलं, "तो श्वास तुमचाच ना?" रॉइस हसला. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मी चिडले तर मामा म्हणाला, "त्याला काय झालं? माझा श्वास माझ्यापाशी आहेच की."

तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात मामाचं एकच काम लोकांना ऐकू यायचं. शेवटच्या गाण्याआधी दिवे मंद व्हायचे आणि स्टेजच्या कडेला बसून मामा त्या भोंग्याच्या आणि श्वासाच्या कॅसेटचं बटण दाबायचा.

मध्यंतरात रॉइस माझ्या टपरीवर आला; मामा तिथेच उभा होता. "डीना, मीठ जास्त झालंय. अजून दे."

"रॉइस, थांबवू या," मामा म्हणाला. "शाळेचं तळघर शंभर पावलांवर आहे. लोकांना आत नेऊ. नुसतं बसू. वादळ गेलं की पुढचं वाजवा."

"तळघऱ्या, ओमाहाच्या जत्रेत हेच म्हणालास. तासभर डुकरांच्या गोठ्यात बसवलंस आम्हाला. बाहेर आलो तर ऊन पडलेलं."

"ओमाहात वाचलो."

"ओमाहात वाससुद्धा गेला नाही कपड्यांचा!" रॉइसने भेंडी तोंडात टाकली आणि मग मामाचा चेहरा बघून जरा मवाळ झाला. "हे बघ. माझी म्हातारी आई पहिल्या रांगेत बसलीय. वीस वर्षांनी घरी आलोय आणि ते गाणं न गाता जाऊ? तू भोंगा वाजव आणि जा तळघरात. आम्ही कुणी काही म्हणणार नाही. देवाशपथ."

त्याने मामाच्या खांद्यावर हात ठेवला, काळे डाग पडलेला. मामा वळला. स्टेजकडे गेला. त्याच्या शर्टाची पाठ पूर्ण ओली होती.

मी शेगडी बंद केली. का, ते मला सांगता येणार नाही. गिऱ्हाईक समोर उभं होतं. ते म्हणालं, "अहो बाई, माझी भेंडी?" मी म्हटलं, "संपली." समोर टोपलीभर होती.

दिवे मंद झाले. लोक उभे राहिले. मी स्टेजच्या डाव्या अंगाला होते, मला मामा स्पष्ट दिसत होता. तो बटणावर बोट धरून आभाळाकडे बघत होता.

आणि भोंगा वाजला.

लोकांनी असा जल्लोष केला की बाक हलले. ढोलवाल्याने ठेका धरला, गिटार सुरू झाली. मी मात्र मामाकडे बघत होते. त्याने बोट उचललं होतं. बटण दाबलंच नव्हतं.



मामाने यंत्रातून कॅसेट उपसली आणि तो स्टेजवर गेला. इतक्या वर्षांत उजेडात तो कधी गेला नव्हता. रॉइसचा माइक त्याने दोन्ही हातांनी धरला. तोंड उघडलं. शब्द येईना. घशातून नुसता श्वास येत होता, तुटक, ओरबाडल्यासारखा. तो मैदानभर घुमला.

भोंगा आणि श्वास. अगदी रेकॉर्डीवरच्यासारखं.

लोक वेडे झाले. शिट्ट्या, टाळ्या. माझ्या पुढची बाई नवऱ्याच्या दंडाला धरून रडत होती, "काय करतात रे हे! अंगावर काटा आला!"

मामाने कॅसेट रॉइसच्या नाकासमोर धरली. रॉइस आधी हसला. मग कॅसेटकडे बघितलं, रिकाम्या यंत्राकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. त्याने माइक ओढून घेतला आणि ओरडला, "पळा! तळघरात पळा!"

वादळाच्या गाण्याची पहिली ओळ नेमकी तीच आहे. लोकांनी एका सुरात ती परत गायली.

"खरं सांगतोय! पळा!"

लोकांनी हेही गायलं. हात वर करून, हसत, डोलत. त्यांच्या पाठीमागे, गव्हावर, ढगातून वादळाची एक गरगरती सोंड खाली उतरत होती. मी ओरडत होते. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. रॉइस वाकून आईला हाका मारत होता आणि म्हातारी त्याच्याकडे बघून कौतुकाने टाळ्या वाजवत होती.

मामा दिसेना. मला वाटलं, गेला. तळघरात गेला. खोटं कशाला सांगू, मला राग नाही आला, हेवा वाटला.

तो स्टेजच्या मागे गेला होता, जनरेटरपाशी. मेन स्विचचा दांडा त्याने दोन्ही हातांनी खाली ओढला.

दिवे गेले. स्पीकर मेले. गिटार नखाने तार खाजवल्यासारखी खुळखुळली आणि गप्प झाली. लोकांचा आवाज ओळीच्या मध्येच विरला.

आणि भोंगा वाजतच राहिला.

स्टेजवरून नाही. त्यांच्या मागून, अग्निशमन दलाच्या ठाण्यावरून. शेकडो माणसं मागे वळली. कुणी किंचाळलं नाही. एवढ्या माणसांचं ते गप्प होणं मी आयुष्यात पुन्हा ऐकलेलं नाही.

"शाळेत!" मामाला शब्द सापडला होता. "पोरं उचला! पिशव्या टाका! शाळेत!"

तळघराचं लोखंडी दार बाहेरच्या बाजूला उघडतं. तोवर वारा सुटला होता आणि ते दार आपटायला बघत होतं. मामा पाठ लावून दाराला भिडला. माणसं त्याच्यासमोरून जिना उतरत होती. रॉइस आईला पाठुंगळी घेऊन गेला. म्हातारी विचारत होती, "गाणं संपलं का रे?" मी आत गेले आणि मागे वळले. गारा पडायला लागल्या होत्या. मामाच्या कपाळातून रक्त येत होतं.

"मामा, आत ये!"

"अजून दोघं येतायत."

"मामा!"

"येतायत, पोरी."

ती दोघं आली. एक म्हातारा बायकोची चाकांची खुर्ची ओढत होता. खुर्ची उंबऱ्यावर अडकली, तर मामाने बाईंना तसंच उचललं आणि खुर्चीला लाथ घातली. त्याच्या पाठीमागे जे दिसत होतं त्याचं वर्णन मी करणार नाही. मग त्याने दार ओढून घेतलं. आयुष्यभर जो सगळ्यांआधी खाली उतरला होता, तो त्या दिवशी सगळ्यात शेवटी उतरला.

कानांत दडे बसले. गावावरून कुणी तरी अवाढव्य जातं ओढत नेतंय असा आवाज आला. भोंगा मध्येच बंद पडला. तो वाजत होता तेव्हापेक्षा मला तेव्हा जास्त भीती वाटली. अंधारात कुणाचा तरी हात माझ्या हातात होता, कुणाचा ते मला अजून माहीत नाही. कुणी प्रार्थना म्हणत होतं, एक बाळ रडत होतं. मग हळूहळू जातं लांब गेलं, प्रार्थना थांबली, बाळही दमलं.

राहिला तो एकच आवाज. जिन्याच्या पायरीशी, काळोखात. तुटक, ओरबाडलेला श्वास.

सगळ्यांनी ओळखला. ओळखणारच. लग्नांत, मोटारींत, स्वयंपाकघरांत वीस वर्षं ऐकलेला.

"रॉइस," एक बाई हळूच म्हणाली, "हा तुम्हीच ना?"

रॉइसची आई काही तरी पुटपुटली, त्याने तिला शाल गुंडाळली असावी, कापड सळसळलं.

"नाही, बाई," तो म्हणाला. "तो मी कधीच नव्हतो. हा व्हर्लिन आहे. व्हर्लिन टॅकेट. रेकॉर्डीवरही हाच आहे."

टाळ्या वगैरे काही नाही. फक्त जिन्यावरची माणसं जरा सरकली आणि मामाला टेकायला भिंत मोकळी करून दिली.

गावाने त्या संध्याकाळी दोन माणसं गमावली. मैदानातलं कुणीही नाही. दार उघडून वर आलो तेव्हा आभाळ धुतल्यासारखं निळं होतं आणि सूर्य अजून मावळला नव्हता. स्टेज नव्हतं. ट्रक नव्हता. गिटारी, ढोल, पेट्या, माझी टपरी, काही नव्हतं. बाक गव्हात उलटे पडले होते. लोक आपापल्या घरांच्या दिशेने बघत उभे होते आणि पुढे जायचं धाडस होत नव्हतं.

मामा मैदानाच्या मधोमध गेला. चिखलातून एका जाड वायरीचं टोक वर आलं होतं. दुसरं टोक कुठे होतं देव जाणे. कपाळावरचं रक्त बाहीने पुसून तो खाली बसला, वायर पँटला पुसली, आणि एक वेढा सरळ, एक वेढा उलटा, पीळ पडू न देता तिचं वेटोळं करू लागला.

थोड्या वेळाने रॉइस त्याच्यापाशी जाऊन बसला आणि चिखलातून वायर मोकळी करून त्याच्या हातात देत राहिला.