आईने वाटलेल्या चुका

स्वी निओने धाकट्या बहिणीला जेवायला बोलावलं ते मायेने नव्हे. पहिला घास तोंडात गेल्यावर बी लियानचा चेहरा कसा होतो, तेवढंच तिला बघायचं होतं.

जू चियातच्या कोपऱ्यावर नवं हॉटेल निघालं होतं. चिनी-मलय वळणाच्या न्योन्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या शिजणारे पदार्थ तिथे बर्गरमध्ये भरून नाहीतर स्पगेटीवर ओतून द्यायचे. गेल्या आठवड्यात पत्त्यांच्या अड्ड्यावरची एक मैत्रीण तिथलं केलुआक खाऊन आली आणि म्हणाली, अगदी तुझ्या हातचं गं. स्वी निओ तोंडाने हसली. त्या रात्रीपासून तिची झोप उडाली.

कारण केलुआकची पाककृती ही त्यांच्या घरची इस्टेट होती. पाच दिवस पाणी बदलत भिजवायच्या त्या विषारी बिया, त्यांचा तो काळाभोर गर. आईसारखा तो अख्ख्या काटोंगमध्ये कुणाला जमला नाही. कुणी कृती विचारली तर आई नाही म्हणत नसे. हसून सांगायची, फक्त प्रत्येकीला एक वेगळी चूक घालून. शेजारणीला चिंचेऐवजी लिंबू, चुलत जावेला गलांगलच्या मुळाऐवजी साधं आलं. मग कुणाच्या लग्नात पहिल्या घासाला तिला कळायचं, ही कृती कुणाच्या घरातून फुटली. खरी कृती फक्त दोन मुलींना, तीही एकेकीला, स्वयंपाकघराचं दार लावून. वाटणात वाळवलेल्या संत्र्याच्या सालीचा नखाएवढा तुकडा, हे त्यातलं मर्म. ते स्वी निओला ठाऊक होतं, आणि उरली कोण? बी लियान.

रविवारी आईचं श्राद्ध होतं. एकोणीस वर्षं दोघी बहिणी स्वी निओच्या घरी मिळून रांधत आणि आईच्या फोटोपुढे ताटं मांडत. ताचीच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या, मानाने केलुआक स्वी निओचं, बाकी सगळं धाकटीचं. बी लियाननेच कृती विकली असेल, तर यंदा तिला येऊ नकोस म्हणून सांगायचं, हे तिने ठरवून टाकलं होतं. खात्री तेवढी बाकी होती.

पुरावे मात्र हॉटेलच्या दारातूनच गोळा व्हायला लागले. वाढणारी मुलगी बी लियानला पाहून म्हणाली, "आंटी, नेहमीचं टेबल?" बी लियान कानापर्यंत लाल झाली. एक-दोनदा आले होते, सहज, असं पुटपुटली. मग मेन्यूचा कागद हाती येताच तिने स्पगेटी फार तेलकट असते, त्यापेक्षा माशाचा बर्गर घे, असा आग्रह धरला. स्वी निओने दोन्ही गोष्टी मनात टिपून घेतल्या आणि केलुआक स्पगेटीच मागवली.

बश्या घरच्यासारख्या गुलाबी-हिरव्या होत्या, पण साच्यातल्या. स्वी निओने पहिला घास घेतला. आधी तो मातकट, कडवट काळेपणा, मग चिंच, आणि गिळता गिळता, अगदी शेवटी, साल. तिने काटा खाली ठेवला. बी लियान पाण्याच्या ग्लासात बघत होती.

तेवढ्यात मालक आला. चाळिशीचा गडी, तोच आचारी, दंडावर गोंदलेलं फूल. कसं वाटलं, असं त्याने अदबीने विचारलं. स्वी निओने, कुठे शिकलास, असं तितक्याच गोडीने विचारलं.

आईकडून, तो म्हणाला. सहा वर्षांपूर्वी आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवर गुडघ्याचं ऑपरेशन झालेली एक आंटी होती. "अकरा दिवस ती केलुआकवरच बोलत होती. आईने औषधाच्या पाकिटांवर सगळं लिहून घेतलं. नर्सेसनासुद्धा पाठ झालं असेल."

नाव काही आईच्या लक्षात राहिलं नाही, तो म्हणाला. जेडची बांगडी काढायला लावली म्हणून डॉक्टरशी भांडली होती, एवढंच.

स्वी निओने बांगडीचा डावा हात टेबलाखाली घेतला. तो गेल्यावर तिने बी लियानकडे पाहिलं.

"तू ओळखलं होतंस?"

"पहिल्याच घासाला. तरी तीनदा येऊन खात्री केली."

"मग बोलली का नाहीस? मला वाटत होतं की तू..."

"तुला काय वाटतंय ते तुझ्या तोंडावर दिसतंय, ताची. फोनवरच कळलं होतं. तू मला फुकट कधी जेवायला बोलावतेस?" बी लियानने स्पगेटी काट्याला गुंडाळली आणि तशीच सोडून दिली. "बोलले असते तर सगळंच बोलावं लागलं असतं. आई साल घालत नव्हती."

"मला दार लावून सांगितलंय तिने."

"सांगितलं ना. तुझ्या पोटात काही राहत नाही, हे तिला आपल्या आधीपासून माहीत होतं."

स्वी निओला ते लागलं. एकोणीस वर्षं ती आईच्या फोटोपुढे आईने तिच्यासाठी घातलेली चूकच मांडत आली होती, आणि ही बया शेजारी बसून मिटक्या मारत होती. पण ती स्वी निओ होती. लागलेलं गिळायच्या आत तिचं डोकं पुढचा हिशेब करायला लागलं.

"आणि तुला काय घालायला सांगितलं?"

बी लियान जरा घुटमळली. मग आवाज उतरवून म्हणाली, "उतरवताना चमचाभर काळी कॉफी. त्याशिवाय तो रंग येत नाही."

"कॉफी." स्वी निओ खुर्चीत सावकाश मागे टेकली. "आपल्या घरात? बाबांना झोप लागायची नाही म्हणून आईने उभ्या जन्मात डबा आणू दिला नाही. चहा तेवढा होता."

बी लियानचा काटा हवेत थांबला. तिचे ओठ हलले, बहुधा कॉफीचा डबा कुठल्या फळीवर असायचा ते ती आठवत होती. तशी फळी काही सापडली नाही.

"म्हणजे खरं कुणाकडे आहे?" तिने विचारलं.

"ते रविवारी बघू. दोन भांडी चढवू, एक तुझं, एक माझं. सहाला ये. वाटण घरूनच करून आण. माझं मी आधीच करून ठेवीन."

बी लियानने मान हलवली. घट्ट झाकणाचा डबा आणू का, म्हणाली.

"कुलपाचा आण," स्वी निओ म्हणाली.