धुतलेला दगड

तात्यांच्या प्रयोगशाळेची मला पहिल्या दिवसापासून किळस होती. बोईसर स्टेशनामागची पत्र्याची शेड, घशात बसणारी आम्लाची वाफ, आणि वर मालक म्हणून चिकूच्या वाडीतून उठून आलेले तात्या! सिलिका कशाशी खातात हे त्यांना सहासष्ट साल उजाडलं तरी ठाऊक नव्हतं. पण तीन वर्षं चपला झिजवून मला हीच नोकरी मिळाली होती. गोवा, रेडी, चांदा इथल्या खाणींतून लोखंडाचा कच्चा दगड पोत्यांतून यायचा. त्यात माती किती, म्हणजे तिच्यातली वाळूसारखी सिलिका किती, ते मी तपासून काढायचो; ती जितकी कमी, तितका दगडाला भाव जास्त. माल विकत घेणारा माझी सही बघून तो बोटीत चढवायचा.

त्या आठवड्यात तिन्ही खाणींचा दगड सारखाच निघाला. सिलिका तीन टक्के. असं कधी होत नसतं. वजनं तपासली, भट्टी तपासली, शेवटी मागच्या दारी गेलो. दगड कुटायला ठेवलेली, डोंगरातल्या पाड्यावरची जिवली नळाखाली बसून दगड घासत होती, तांदूळ धुवावेत तसे. तांबडं पाणी गटारात चाललं होतं.

"अगं, हे काय?"

"लई माती व्हती, सायब. तुमच्या हातात घान कशी देऊ?"

मी कपाळावर हात मारला. ती मातीच तर मोजायची असते, हे तिला सांगितलं. बिचारीचा चेहरा उतरला.

झालेले अहवाल फाडायला हवेत, असं तात्यांना म्हणालो. त्यांची कळीच खुलली. "फाडतोस कशाला, नरहरी? खाणवाले खूश आहेत. तिला म्हणावं, रोज धू. तुला जमत नसेल तर बीएस्सी झालेली पोरं पालघरात ढिगानं पडलीत." बोलताना त्यांच्या दातांतली सुपारी दिसत होती. जिवलीला तो निरोप मीच दिला.

जिवलीनं टोपली खाली ठेवली. "म्हंजे घेनाऱ्याला फसवाया धुवाची?"

मी वाहता नळ बंद केला.

"मना नाय जमाचा. दुसरी बघा," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी नवं पोतं आलं, मातीनं माखलेलं. मी बाह्या सरसावल्या, नळ सोडला आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत घासत बसलो.

संध्याकाळी सिलिका तीन टक्के निघाली. सही करताना नखातली तांबडी माती कागदाला लागली. मी तो कागद फाडला, साबणानं हात धुतले आणि कोऱ्या कागदावर सही केली.